हार्टच्या गोळ्या, जुन्या आणि नव्या: मेडिकलच्या काउंटरवर रोज विचारले जाणारे प्रश्न

मी फार्मसिस्ट आहे, तालुक्याच्या गावात आमचं मेडिकल आहे, आधी अण्णा म्हणजे माझे वडील बसायचे आता मी बसते. बीपी, कोलेस्टेरॉल, स्टेंट, बायपास, पंपिंग कमी, हे सगळे पेशंट महिन्याच्या महिन्याला येतात आणि तेच तेच प्रश्न विचारतात. गर्दीत दोन मिनिटात उत्तर देऊन भागत नाही म्हणून इथे सविस्तर लिहून ठेवतेय. तुमची चिठ्ठी बदलायचं काम माझं नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं, पण गोळी कशाला आहे हे तुम्हाला कळलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

ताई, रिपोर्ट नॉर्मल आलाय, आता कोलेस्टेरॉलची गोळी बंद करू ना?

नका करू. हा प्रश्न पहिला घेतला कारण आमच्या घरात हेच झालं. अण्णांची अँजिओप्लास्टी झाली, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ही स्टॅटिन गटातली कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली, तीन महिन्यांनी एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल छान खाली आलं आणि त्यांनी गोळी सोडली. स्वतः तीस वर्षं हीच गोळी दुसऱ्यांना देणारा माणूस! मला सांगितलंही नाही, मीही गोळ्यांचे पत्ते मोजले नाहीत. सात-आठ महिन्यांनी पुन्हा छातीत दुखायला लागलं आणि दुसरा स्टेंट पडला. गोळी चालू असती तर टळलंच असतं असं मी छातीठोक सांगू शकत नाही, पण ते सात-आठ महिने माझ्या डोक्यातून जात नाहीत.

रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे आला. लिव्हर कोलेस्टेरॉल तयार करतं, त्या कामातली पायरीच स्टॅटिन अडवते, मग लिव्हर रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेतं. गोळी थांबवली की काही आठवड्यात आकडा होता तिथे परत. आणि आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे रक्तवाहिनीच्या आत जो चरबीचा थर बसलाय तो फुटू नये म्हणूनही ही गोळी असते, तो थर रिपोर्टमध्ये दिसत नाही.

ही स्टॅटिन खरंच उपयोगाची आहे का कंपन्यांनी काढलेलं फॅड आहे?

याची गोष्ट मला फार आवडते म्हणून जरा लांबण लावते. जपानमध्ये अकिरा एंडो नावाचे संशोधक होते, त्यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला जवळजवळ 6000 प्रकारच्या बुरशा तपासल्या, कोलेस्टेरॉल बनायचं थांबवणारं काही त्यात सापडतंय का बघायला. सापडलं ते तांदळावरच्या निळसर-हिरव्या बुरशीत. त्यांचं औषध बाजारात आलं नाही पण त्याच वाटेने पुढे 1987 मध्ये अमेरिकेत लोव्हास्टॅटिन आलं, ती पहिली स्टॅटिन.

तरी डॉक्टर मंडळींना शंका होतीच की आकडा खाली येतो ठीक आहे पण माणूस वाचतो का. त्याचं उत्तर 1994 मध्ये स्कँडिनेव्हियातल्या देशांमधून आलं. आधी अटॅक येऊन गेलेले किंवा अंजायना म्हणजे हार्टला रक्त कमी पडून छातीत दुखणं असलेले 4444 पेशंट घेतले, अर्ध्यांना सिम्व्हास्टॅटिन अर्ध्यांना नुसती दिसायला सारखी खोटी गोळी, आणि पाच वर्षांहून जास्त काळ बघितलं. खोट्या गोळीवाल्यांमध्ये 256 माणसं गेली, खऱ्या गोळीवाल्यांमध्ये 182. म्हणजे 74 माणसांचा फरक, आणि हे एका साध्या गोळीने. फॅड म्हणणाऱ्यांना मी हे आकडे सांगते.

पण गोळीने पाय दुखतात, अंग मोडून येतं, मग?

काही लोकांना खरंच होतं, ते खोटं नाही. पण लंडनमध्ये एक सुंदर प्रयोग झाला, 2020 मध्ये छापून आला. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेले 60 लोक घेतले आणि प्रत्येकाला वर्षभराच्या बारा बाटल्या दिल्या, चार महिने स्टॅटिन, चार महिने खोटी गोळी, चार महिने रिकामी बाटली, क्रम उलटसुलट. रोजचा त्रास फोनवर नोंदवायचा. निघालं काय, तर स्टॅटिनच्या महिन्यात जेवढा त्रास त्यातला 90 टक्के त्रास खोट्या गोळीच्या महिन्यातही होता! त्रास खरा होता, दुखत होतंच, पण तो बहुतेक औषधाच्या द्रव्याने नव्हता तर गोळी घेतोय या धास्तीने होता. हे बघितल्यावर त्यातल्या निम्म्या लोकांनी स्टॅटिन परत सुरू केली.

म्हणून दुखलं तर बंद करायच्या आधी डॉक्टरांना सांगा, ते डोस कमी करतील, कंपाउंड बदलतील, सीपीके म्हणजे स्नायूंना इजा झालीये का सांगणारी रक्ततपासणी करतील, व्हिटॅमिन डी किंवा थायरॉइडचं काही आहे का बघतील. लघवी गडद तपकिरी, कोकाकोलासारखी व्हायला लागली आणि स्नायू प्रचंड दुखत असतील तर मात्र वाट बघायची नाही, त्याच दिवशी दाखवायचं. आणि स्टॅटिन चालू असताना क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक कोणी दिलं तर चालू गोळ्यांची यादी दाखवल्याशिवाय घेऊ नका.

स्टॅटिन कितीही प्रयत्न करून सोसत नसेल तर आता बेंपेडोइक अ‍ॅसिड आहे. हे औषध लिव्हरमध्ये गेल्यावरच चालू होतं, स्नायूत होत नाही, ही त्यातली खुबी. 2023 मध्ये सुमारे 14 हजार लोकांवरचा अभ्यास आला, सगळे स्टॅटिन न सोसणारे, त्यात अटॅक-स्ट्रोक वगैरे 13 टक्क्यांनी कमी झाले. युरिक अ‍ॅसिड वाढतं मात्र, गाऊट म्हणजे युरिक अ‍ॅसिडने सांधे सुजायचा त्रास असेल तर आधी सांगा.

शुगर वाढते का स्टॅटिनने?

थोडी वाढू शकते, जे आधीच डायबेटिसच्या उंबरठ्यावर आहेत त्यांची. पण अटॅक टळण्याचा फायदा त्यापेक्षा बराच मोठा आहे म्हणून डायबेटिसवाल्यांनाही ही गोळी देतातच.

एलडीएल किती हवं? लॅबच्या कागदावर तर 100 पर्यंत नॉर्मल लिहिलंय.

तो छापील आकडा सगळ्यांसाठी सरसकट असतो. अटॅक येऊन गेलाय, स्टेंट आहे, बायपास झालीये, त्यांना भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे कार्डिओलॉजिकल सोसायटीने, 2024 मध्ये 55 च्या खाली सांगितलंय. त्यामुळे 85 आला म्हणून पेढे वाटायची घाई करू नका. स्टॅटिनने पुरत नसेल तर सोबत इझेटिमाइब देतात, ती आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं कमी करते, एका गोळीत दोन्ही मिळतात, आणि स्वस्त आहे. चिठ्ठीवर हे दोन्ही दिसलं की मला बरं वाटतं.

वर्षातून दोनदा घ्यायचं इंजेक्शन आलंय म्हणे, ते घेऊ का?

आलंय, इनक्लिसिरन. आधी त्यामागची गंमत सांगते. लिव्हरच्या पेशीवर एलडीएल पकडणारे हात असतात असं समजा, आणि पीसीएसके-9 नावाचं एक प्रथिन त्या हातांचा नाश करतं. 2003 मध्ये फ्रान्समध्ये काही घराण्यांत सापडलं की यांचं हे प्रथिन जास्तच जोरात आहे आणि म्हणून कोलेस्टेरॉल भयंकर. मग अमेरिकेत डॅलसला उलटी माणसं सापडली, ज्यांचं हे प्रथिन जन्मापासून कमी, त्यांचं एलडीएल आयुष्यभर कमी आणि हार्टचा त्रासही फारच कमी. म्हणजे औषधाने हे प्रथिन अडवलं तर काय होईल याचं उत्तर निसर्गाने आधीच दाखवून ठेवलं होतं.

2015 मध्ये अलिरोक्युमॅब आणि इव्होलोक्युमॅब ही इंजेक्शनं आली, दोन आठवड्यांनी किंवा महिन्याने घ्यायची. 2017 च्या मोठ्या अभ्यासात, 27 हजारांवर पेशंट, स्टॅटिन चालू असतानाच इव्होलोक्युमॅबने एलडीएल सरासरी 92 वरून 30 वर आलं आणि अटॅक-स्ट्रोकही कमी झाले. इनक्लिसिरन वेगळ्या पद्धतीने चालतं, ते प्रथिन बनवायचा निरोपच लिव्हरमध्ये कापून टाकतं, म्हणून पहिलं इंजेक्शन, तीन महिन्यांनी दुसरं, मग दर सहा महिन्यांनी एक. एलडीएल साधारण निम्मं होतं.

माझं मत विचाराल तर ज्यांना जन्मजात कोलेस्टेरॉलचा आजार आहे, किंवा स्टॅटिन-इझेटिमाइब पूर्ण डोसमध्ये घेऊनही आकडा उतरत नाही, त्यांच्यासाठी हे वरदान आहे. पण किंमत अजून सामान्य घराच्या आवाक्याबाहेर आहे. काही रुपयांची गोळी नियमित न घेता हजारोंच्या इंजेक्शनची चौकशी करणारे लोक येतात, त्यांना मी आधी मागच्या सहा महिन्यांत किती पत्ते नेले ते विचारते.

मला डायबेटिस नाही तरी शुगरची गोळी लिहिलीये, चूक झालीये का?

चूक नाही. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एंपाग्लिफ्लोझिन असेल, नाव बघा. माझ्या बघण्यात गेल्या दहा वर्षांतला सगळ्यात मोठा बदल हाच.

या गोळ्यांचं मूळ सफरचंदाच्या झाडाच्या सालीत आहे, तिथून 1835 मध्ये फ्लोरिझिन नावाचा पदार्थ काढला होता, तो दिला की लघवीवाटे साखर जाते हे पुढे कळलं. त्यावरून डायबेटिसच्या गोळ्या बनल्या. मग त्या हार्टला सुरक्षित आहेत ना एवढंच तपासायला गेले आणि 2015 मध्ये एंपाग्लिफ्लोझिनच्या अभ्यासात दिसलं की हार्टमुळे होणारे मृत्यू 38 टक्क्यांनी कमी! कोणालाच ही अपेक्षा नव्हती. मग 2019 मध्ये डॅपाग्लिफ्लोझिन मुद्दाम कमी पंपिंगवाल्या 4744 पेशंटना दिलं, त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना डायबेटिस नव्हताच, तरी तब्येत बिघडणं किंवा हार्टमुळे मृत्यू 26 टक्क्यांनी कमी झाले. पुढे पंपिंग चांगलं असून दम लागणाऱ्यांनाही फायदा दिसला, आणि त्यांच्यासाठी तोवर धड औषधच नव्हतं.

काळजी काय घ्यायची: लघवीतून साखर जाते म्हणून त्या जागी खाज, बुरशी होऊ शकते, बायका हे काउंटरवर बोलायला लाजतात, बाजूला बोलावून सांगा पण सांगा. धुऊन कोरडं ठेवायचं. जुलाब, उलट्या, कडक उपास, ऑपरेशन अशा वेळी गोळी तात्पुरती थांबवायची असते, डॉक्टरांना फोन करून. नवरात्रात नऊ दिवस नुसत्या पाण्यावर राहणाऱ्यांनी हे आधीच विचारून ठेवा.

किंमतीचं म्हणाल तर डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात 2020 मध्ये संपलं, एंपाग्लिफ्लोझिनचं मार्च 2025 मध्ये, आणि दोन्ही वेळेला मी माझ्या डोळ्यांनी बघितलं की भाव कसे कोसळले आणि मधेच गोळी सोडलेले लोक कसे परत आले.

हार्ट फेल्युअर म्हणजे हार्ट बंद पडलं का? आणि चार-चार गोळ्या कशाला?

बंद नाही पडलं, पंप कमजोर झालाय किंवा नीट सैल होत नाही. पायाला सूज, रात्री उशी उंच लागते, जिना चढताना दम. चार गोळ्या चार वेगवेगळ्या बाजूंनी काम करतात, आता डॉक्टर त्या सगळ्या लवकर सुरू करतात, आधी एक, वर्षाने दुसरी असं नाही.

एक तर वर सांगितलेली डॅपा किंवा एंपा. दुसरी रॅमिप्रिल-एनालाप्रिलच्या घराण्यातली. ही सापाच्या विषातून आली! ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषात रक्तदाबाशी संबंधित द्रव्य आहे हे सर्जियो फेरेरा यांनी 1965 मध्ये दाखवलं, त्यावरून कॅप्टोप्रिल बनलं आणि 1981 मध्ये बाजारात आलं. 1987 मध्ये अगदी शेवटच्या अवस्थेतल्या 253 पेशंटना तपासलं, सहा महिन्यांत एनालाप्रिलवाले 26 टक्के गेले, नसलेले 44 टक्के. आता याच्या जागी बऱ्याच जणांना सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन देतात, 2014 च्या अभ्यासात ती एनालाप्रिलपेक्षाही सरस ठरली, आणि तिचीही जेनेरिकं आता इथे मिळतात. एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा, रॅमिप्रिल आणि ही नवी गोळी एकत्र कधीच नाही, मधे किमान 36 तास जावे लागतात, नाहीतर तोंड-घसा सुजू शकतो. जुना पत्ता घरात उरला असेल तर तो बाजूला काढा.

तिसरी बीटा ब्लॉकर, मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल, कार्व्हेडिलोल. एके काळी कमजोर हार्टला ही द्यायचीच नाही असं पुस्तकात होतं. 1975 मध्ये स्वीडनच्या डॉक्टरांनी थोड्या पेशंटना देऊन बघायचं धाडस केलं, लोकांचा विश्वास बसायला 1999 उजाडलं. पहिले काही आठवडे थकवा येतो म्हणून लोक सोडतात, तेवढे दिवस काढा, आणि एकदम तर कधीच बंद करू नका. चौथी स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, हिच्यावर असताना पोटॅशियम आणि किडनीचं क्रिएटिनिन तपासत राहायचं. बीपीवाल्यांसाठी मिळणारं 'कमी सोडियमचं' मीठ आणलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका, त्यात पोटॅशियम असतं.

लघवीची गोळी सूज उतरवते, तिने बरं वाटतं, पण आयुष्य वाढवतात त्या वरच्या चार. पैसे कमी पडले की लोक नेमक्या त्या चार कमी करतात आणि लघवीचीच नेतात. असं करण्याआधी मला सांगा, आपण स्वस्त पर्याय शोधू.

रक्त पातळ करायच्या गोळ्या सगळ्या सारख्याच ना?

नाही, आणि इथे गोंधळ महागात पडतो. रक्त खरं तर पातळ होतच नाही, गाठ होऊ देत नाहीत इतकंच.

अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर या प्लेटलेट चिकटू न देणाऱ्या, अटॅक आणि स्टेंटसाठी. स्टेंटनंतर दोन गोळ्या किती महिने हे तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, दात काढायचाय म्हणून स्वतःहून बंद केली आणि स्टेंट बंद पडला तर जिवावर बेतू शकतं. टिकाग्रेलॉर दिवसातून दोनदा असते आणि काहींना तिने दम लागल्यासारखं वाटतं, घाबरून सोडू नका, कळवा.

दुसरा गट गाठ बनवणाऱ्या द्रव्यांवर काम करतो. त्यात जुनं वॉरफरिन, जे आधी उंदीर मारायला वापरलं गेलं आणि 1955 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना अटॅकनंतर दिलं होतं, आणि आपल्याकडे जास्त चालणारं असेनोकुमॅरॉल. यांना आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासावं लागतं. मेथी-पालक बंद करायची गरज नाही पण प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखं ठेवा. नव्या म्हणजे डॅबिगॅट्रान, अपिक्साबान, रिव्हारोक्साबान, यांना आयएनआर लागत नाही, ठोक्यांची अनियमितता असलेल्या बहुतेकांना त्या चांगल्या.

पण धातूची झडप बसवली असेल तर जुनीच गोळी, तिथे डॅबिगॅट्रान वापरून 2013 मध्ये तोटाच दिसला. आणि लहानपणी संधिवाताच्या तापाने झडप आकसलेल्यांनाही जुनीच. आपल्याकडे असे पेशंट भरपूर, बऱ्याच तरुण बायका. 2022 मध्ये 24 देशांतल्या साडेचार हजार अशा पेशंटवर अभ्यास झाला, रिव्हारोक्साबानपेक्षा जुन्या गोळीवर मृत्यू कमी झाले. पाहुण्यांना नवी गोळी आहे म्हणून मलाही द्या, असं इथे चालत नाही. आणि या बायकांना दिवस राहिले किंवा राहायचा विचार असेल तर लगेच डॉक्टरांना सांगायचं, जुन्या गोळीने बाळाला अपाय होऊ शकतो.

या सगळ्यांवर असताना गुडघेदुखीची डायक्लोफेनॅक-आयबुप्रोफेनची गोळी मागायला येऊ नका, मी देणार नाही. पोटात रक्तस्राव होतो, बीपी वाढतं, हार्ट फेल्युअर बिघडतं.

शेजाऱ्यांना अटॅक आला, मी पण रोज अ‍ॅस्पिरिन सुरू करू?

अटॅक, स्टेंट, स्ट्रोक काही नसेल तर स्वतःहून नको. 2018 मध्ये एकामागून एक मोठे अभ्यास आले, धडधाकट माणसाला फायदा नगण्य किंवा थोडासाच आणि रक्तस्राव जास्त.

आणि खरंच छातीत दुखायला लागलं तर?

108 ला फोन, आधी तो. अ‍ॅलर्जी, रक्तस्राव, अल्सर असं काही नसेल तर अ‍ॅस्पिरिन 300 ची गोळी चावून खायची, अख्खी गिळायची नाही. 1988 मध्ये 17 हजारांवर पेशंटच्या अभ्यासात अटॅकमध्ये अ‍ॅस्पिरिन दिल्याने मृत्यू जवळजवळ चौथ्या हिश्शाने कमी झाले, गाठ विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजसोबत तर 42 टक्क्यांनी. जिभेखालची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर बसून घ्या, उभ्याने चक्कर येते. सिल्डेनाफिलसारखी लैंगिक ताकदीची गोळी घेतली असेल तर जिभेखालची घेऊ नका आणि डॉक्टरांना न लाजता सांगा. गॅस असेल म्हणून इनो पिऊन रात्र काढू नका, ती रात्रच परत मिळत नाही.

बीपीची गोळी एकदा लागली की आयुष्यभर, आणि आयुर्वेदात काही नाही का?

बहुतेकांना आयुष्यभर, हो. आणि आयुर्वेदाचं म्हणाल तर हा अभिमानाचा भाग आहे. मुंबईच्या केईएमचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा बीपीच्या पेशंटना देऊन, नीट मोजून, 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापलं, जगभर त्याची दखल घेतली गेली. मग त्यातून रिसर्पिन वेगळं काढलं, बरीच वर्षं वापरलं. नाक चोंदणं, मन उदास होणं असे त्रास होते म्हणून पुढे जास्त चांगल्या गोळ्यांनी त्याची जागा घेतली. मुळीत दम होता, तो मोजून सिद्ध केला म्हणून जगाने मानला. अर्जुनाच्या सालीचा काढा घेणाऱ्यांना मी एवढंच म्हणते की डॉक्टरांना सांगून घ्या आणि त्याच्या भरवशावर चिठ्ठीतली गोळी सोडू नका.

अ‍ॅम्लोडिपिनने घोट्याला सूज, रॅमिप्रिलने कोरडा खोकला, हे दोन्ही ओळखीचे त्रास आहेत, पर्याय आहेत. सरकारी दवाखान्यात बीपीच्या गोळ्या मोफत मिळतात, चौकशी करा.

वजन कमी करायचं इंजेक्शन हार्टला चांगलं म्हणतात?

सेमाग्लूटाइड. 2023 मध्ये 17,604 लोकांवर, वजन जास्त, हार्टचा आजार आहे पण डायबेटिस नाही, अशांवर बघितलं, अटॅक-स्ट्रोक-मृत्यू मिळून 20 टक्क्यांनी कमी. लग्नाआधी बारीक व्हायला मागणाऱ्यांसाठी हे नाही. मळमळ, उलट्या होतात, डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायचं.

जनऔषधीची स्वस्त गोळी चालते का, कंपनी बदलली तर?

चालते. कंटेंट आणि पावर तीच आहे ना बघा. मेडिकलवाली असून सांगते, महागडी गोळी पंधरा दिवस घेण्यापेक्षा स्वस्त गोळी तीसही दिवस घेतलेली हजार पटीने बरी. फक्त असेनोकुमॅरॉल-वॉरफरिनची कंपनी बदलली तर आयएनआर एकदा लवकर तपासून घ्या.

पुढे काय येतंय?

लिपोप्रोटीन-ए हा रक्तातला कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण, जास्त असला की अटॅकचा धोका वाढतो, तो आईवडिलांकडून येतो, जेवणाने-व्यायामाने फारसा हलत नाही. तो कमी करणारी पेलाकार्सेन, ओल्पासिरन अशी इंजेक्शनं मोठ्या चाचण्यांमध्ये उतरली. घरात कमी वयात अटॅक आला असेल तर ही तपासणी एकदा तरी करून ठेवा. आणि मला जिची सगळ्यात जास्त ओढ आहे ती पॉलीपिल, बीपीच्या, कोलेस्टेरॉलच्या, कधी अ‍ॅस्पिरिनसकट, सगळ्या एकाच गोळीत. भारतात हिची चाचणी 2009 मध्येच छापून आली होती आणि 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पॉलीपिलला आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. पाच पत्ते सांभाळणाऱ्या आजीला एकच पत्ता मिळाला तर ती चुकवणार नाही.

डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ?

नाही, दुप्पट कधीच नाही. त्याच दिवशी आठवलं तर घ्या, पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्या. आणि पत्ता संपायच्या आठवडाभर आधी या, शेवटची गोळी खाऊन झाल्यावर नको, कारण नेमकं तेव्हाच औषध स्टॉकला नसतं. अण्णा आता पत्त्यावर पेनाने तारखा टाकतात, मी रात्री दुकान बंद करून गेले की न विचारता समोर धरून दाखवतात.